खेळातला सट्टा : नागपूरच्या एका सामन्याची गोष्ट



आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी शिष्यवृत्ती जमा होऊनही फी भरीना. दोनदा विचारले, तेव्हा मान खाली घालून निघून गेला. तिसऱ्यांदा खोलीत बोलावून दार लोटून घेतले, तेव्हा बोलता झाला. पैसे सट्ट्यात गेले होते. मी मास्तरकीच्या सवयीने विचारले, "कोण जिंकणार ते तुला आधी कळते काय रे?" त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "मॅच कोन लावते जी सर आता? आमी ओव्हर लावतो."

सामना नव्हे, षटक! पुढच्या सहा चेंडूंत किती धावा होतील, अमुक फलंदाज वीस करील की नाही. फुटबॉल असेल तर पहिला कॉर्नर कोणाला मिळेल, पिवळे कार्ड कोणाला दाखवतील. आरमोरीच्या पानठेल्यावर उभे राहून जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही मैदानातल्या असल्या बारक्यासारक्या गोष्टींवर पैसे लावता येतात, हे मला त्या दिवशी एका विद्यार्थ्याकडून शिकावे लागले.

पैज ही काही आपल्या भागाला नवी नाही. वैनगंगेच्या काठी शंकरपटात बैलजोड्या धावतात, तिथेही कोणी कोपऱ्यात नोटा मोजतो. जंगलाच्या आडोशाला कोंबडबाजार भरतो, कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, आणि पोलीस आले की माणसे एका दिशेला व कोंबडे दुसऱ्या दिशेला पळतात. मी त्याचे समर्थन करीत नाही. ते क्रौर्य आहे आणि गुन्हाही आहे. पण एवढे खरे की, आदल्या रात्री जाऊन कोंबड्याच्या कानात कोणी काही सांगू शकत नाही. माणसाच्या कानात सांगता येते. आजचा माझा विषय तोच आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. नागपूरपर्यंत गेले तरी पुरे.

१९ मार्च २०००, रविवार. मी तेव्हा नागपुरास शिकत होतो. सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा पाचवा एकदिवसीय सामना होता. तिकिटापायी महिनाभर चहा सोडला होता. आफ्रिकेने प्रथम फलंदाजी केली. हर्शेल गिब्ज नावाच्या तरुण सलामीवीराने आमच्या गोलंदाजांची अशी काही पिसे काढली की, ५३ चेंडूंत ७४ धावा झाल्या. शत्रुपक्षाचा असला तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्या ३२० धावा झाल्या. मग आमच्या डावात हेन्री विल्यम्स नावाचा त्यांचा गोलंदाज आला, आणि अवघे अकरा चेंडू टाकून खांदा धरून बाहेर गेला. आमच्यातला एकजण म्हणाला, "बिचारा!" सामना आपण १० धावांनी हरलो. हळहळत, पण पैसे वसूल झाल्याच्या समाधानात आम्ही पायी खोलीवर परतलो.

एप्रिलच्या ७ तारखेला दिल्ली पोलिसांनी जाहीर केले की, आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि एक बुकी यांचे टेलिफोनवरचे बोलणे आपल्यापाशी आहे. पहिले चार दिवस कोणाचा विश्वास बसेना. क्रोनिए म्हणजे सचोटीचा पुतळा, देवभक्त, असा त्याचा लौकिक होता. ११ तारखेला त्याने आपण पुरते प्रामाणिक राहिलो नाही असे कबूल केले, आणि त्याचे कर्णधारपद गेले. जूनमध्ये केप टाउनला न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे साक्षी झाल्या. त्या वर्तमानपत्रात वाचताना माझे डोळे पांढरे झाले. कारण तिथे नागपूरचे नाव होते, माझ्या सामन्याचे नाव होते.

कर्णधाराने सामन्यापूर्वी गिब्जला सांगितले होते: वीसच्या आत बाद हो, पंधरा हजार डॉलर मिळतील. विल्यम्सला सांगितले होते: दहा षटकांत पन्नासांहून अधिक धावा दे, तुलाही तेवढेच मिळतील. आणि संघाच्या धावा २७० च्या वर जाऊ नयेत. दोघांनीही होकार दिला होता.

आता गंमत पाहा. ठरल्यातले काहीच घडले नाही. गिब्जने ७४ केल्या, विल्यम्स अकरा चेंडूंतच बाद झाल्यासारखा बाहेर पडला, धावा झाल्या ३२०. पैसेही कोणाला मिळाले नाहीत. तरी दोघांना सहा महिने आंतरराष्ट्रीय क्रिकेटला मुकावे लागले, वर दंड झाला. क्रोनिएला तर जन्माची बंदी. पुढे २००२ साली विमान अपघातात तो वारला. पुष्कळांनी मला विचारले आहे की, काहीच घडले नाही तर गुन्हा कोणता? मला वाटते, गुन्हा "हो" म्हणण्यात होता. ते "हो" बुकीच्या कानावर गेले की त्याचा धंदा सुरू होतो. अमुक फलंदाज वीसच्या आत जाणार हे त्याला ठाऊक असते. मग तो वीसच्या पुढे जाईल म्हणणाऱ्यांचे पैसे मुक्तहस्ते घेत सुटतो.

आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून सलते. गिब्ज आणि विल्यम्स हे दोघेही गोरे नव्हते. ज्यांना वर्णभेदाच्या काळात देशाच्या संघाचे दार बंद होते, अशा समाजातली ही पोरे. दार उघडून पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. कर्णधाराने विचारायला निवडले ते हे दोघे. शिक्षक मंडळींना मी काय म्हणतो ते कळेल. परका माणूस नोटांची पेटी घेऊन आला तर त्याला हाकलून देणे सोपे. पण ज्याच्या शब्दावर संघातली जागा अवलंबून, ज्याला आपण थोर मानतो, तो हसत हसत खोलीत येऊन विचारतो, तेव्हा नाही म्हणायला फार वेगळी ताकद लागते.

विल्यम्सचा खांदा खरोखरच दुखावला होता. पण जूननंतर तो खांदा आठवला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. ज्या टाळ्या वाजवल्या त्याही नासल्या. हा रोग आता खालपर्यंत आला आहे. मागच्या हंगामात आमच्याकडच्या एका गावी मंडईनिमित्त कबड्डीचे सामने होते. रात्री नाटक, दिवसा कबड्डी. शेवटच्या चढाईत एका पोराचा पाय घसरला आणि त्याचा संघ एका गुणाने हरला. माझ्यामागे कोणीतरी म्हणाले, "विकला गेला बे!" सगळे हसले. पोराच्या गुडघ्यातून रक्त येत होते.

पैसे न घेताही सामना विकता येतो, तो प्रकार गोव्यात झाला. २००४ साली तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये वरच्या श्रेणीत जायला गोलांचा फरक मोजला जाणार होता. तेव्हा कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगवर ६१ विरुद्ध १ असा विजय मिळवला, आणि विल्फ्रेड लेझरने दोना पावलावर ५५ विरुद्ध १. नव्वद मिनिटांत बासष्ट गोल! प्रत्येक गोलानंतर चेंडू मध्यावर नेऊन ठेवायचा असतो, त्याला लागणारा वेळ तरी धरा. चारही संघांवर बंदी आली. हा लबाडीचा बालवर्ग म्हणायचा. आंधळ्यालाही दिसावी अशी ही लबाडी.

खरे उस्ताद असे करीत नाहीत. सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल हा असाच एक उस्ताद. २०११ साली त्याचे बिंग फुटले ते लंडनला नाही, रोमला नाही. फिनलंडमधल्या रोव्हानिएमी या गावी. उत्तर ध्रुववृत्ताजवळ, चोहीकडे जंगल, आपल्या गडचिरोलीसारखेच एका कोपऱ्यातले ठिकाण. तिथल्या संघात झांबिया आणि जॉर्जियाहून आलेली, बेताच्या पगाराची पोरे खेळत होती. त्यांनाच त्याने गाठले. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मोठ्या सामन्यावर हजार डोळे असतात. आडगावच्या सामन्यावर पैसा मात्र जगभरातून लागतो आणि पाहायला कोणी नसते. पगार थोडा आणि नजर कमी, अशी जागा हे लोक बरोबर हेरतात.

कायद्याचे म्हणाल, तर तो मागून धावतो आहे. २०१३ साली आयपीएलच्या तीन खेळाडूंना पोलिसांनी मुंबईत पकडले. कमरेला रुमाल खोचला की या षटकात ठरल्याप्रमाणे धावा देणार अशी खूण होती, असे पोलिसांचे म्हणणे. २०१५ साली दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना मुक्त केले. क्रिकेट मंडळाची बंदी राहिली, पण ती मंडळाची शिक्षा, सरकारची नव्हे. सामना विकणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा, असे विधी आयोगाने २०१८ साली सुचवले. २०२५ च्या ऑगस्टात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली. बरे झाले. पण पानठेल्यावरचा मनुष्य संसदेचे कामकाज वाचीत नाही; एक ॲप बंद पडले की दुसऱ्याचा दुवा त्याच्यापाशी तयार असतो.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला उपदेश केला नाही. कागद-पेन्सिल दिली. म्हटले, दोन्ही बाजूंना सारखाच भाव आहे असे धर. शंभर लावले आणि जिंकलास तर नव्वद मिळतात, हरलास तर शंभर जातात. वीस वेळा खेळ. नशीब तुझ्या बाजूने अर्धे धर, म्हणजे दहा वेळा जिंकलास, दहा वेळा हरलास. त्याने मांडले: नव्वद दाहे नऊशे आले, शंभर दाहे हजार गेले. शंभर रुपये कमी. पुन्हा तपासले, तेवढेच. त्याचे गणित बरे आहे. चाळीस वेळा खेळल्यावर दोनशे, हे त्याने न विचारता सांगितले. शिक्षकमित्रांनो, सातवीच्या फळ्यावर हे उदाहरण घालून पाहा. पोरे पुस्तकातल्या नफा-तोट्यापेक्षा अधिक मन लावून सोडवतात.

तो कागदाकडे पाहत बसला. मग हळूच म्हणाला, "आन सर, ओव्हर आधीच ठरली असन त?"

मी म्हटले, "मग ते अर्धे नशीबही तुझे नाही."

मग मी त्याला नागपूरची ही सगळी गोष्ट सांगितली, चहा सोडल्याच्या तपशिलासह. फी त्याने दोन हप्त्यांत भरली. दुसरा हप्ता धानकापणीच्या मजुरीतून आला, म्हणून जरा उशीर झाला.