तपकिरी चरबी

आपल्या नांदेड-लातूरकडे बाळंतिणीच्या खोलीत अजूनही शेगडी पेटते. बाळाला तेल लावतात, शेकतात, दुपट्यात गुंडाळतात. (खोलीत धूर मात्र कोंडू देऊ नका.) नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून अंग तापवता येत नाही. थंडीत त्याची ऊब राखते ती तपकिरी चरबी. खांद्यांच्या मध्ये, मानेत आणि मूत्रपिंडांभोवती ती असते.

आपण जिच्या नावानं खडे फोडतो ती पांढरी चरबी. जास्तीचं खाल्लेलं साठवून ठेवणं हे तिचं मुख्य काम. तपकिरी चरबी खाल्लेलं जाळते. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या कणांनी, गच्च भरलेल्या असतात आणि त्यांतल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. तिथं यूसीपी-1 नावाचं एक प्रथिन असतं. अन्नातली ऊर्जा पुढच्या कामासाठी बांधून न ठेवता ते तिची थेट उष्णता करून टाकतं.

माणूस मोठा झाला की ही चरबी जवळजवळ संपते, असंच वैद्यकात बरीच वर्षं मानत. मग, साखर ओढणाऱ्या जागा उजळ दाखवणाऱ्या कॅन्सरच्या पेट स्कॅनमध्ये, काही जणांच्या हासळीच्या हाडावर, दोन्ही बाजूंना सारख्याच, उजळ जागा दिसू लागल्या. त्या गाठी नव्हत्या. गारठलेल्या माणसाची तपकिरी चरबी रक्तातली साखर ओढून घेत होती! म्हणून तर या तपासणीआधी पेशंटला उबेत ठेवतात. 2009 साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या संशोधकांनी 24 तरुणांना 16 अंशांच्या गारव्यात ठेवून पाहिलं. 23 जणांत ही चरबी कामाला लागली, पण जाड तरुणांत तिचा जोर कमी होता.

त्याच मास्ट्रिख्तमधून 2012 मध्ये आलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. अतिस्थूल अशा 10 जणांच्या जठराला पट्टा बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी फक्त दोघांत तपकिरी चरबी काम करताना दिसली होती. वर्षभरानं, वजन उतरल्यावर, ती पाच जणांत दिसली. म्हणजे लठ्ठपणात ही चरबी कायमची मरते असं नाही, काहींच्या अंगात ती फक्त दबलेली असते. दहाच माणसं होती, हे विसरायचं नाही. उरलेल्या पाचांत ती दिसलीच नाही, हेही विसरायचं नाही. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरतं ते मुख्यतः खाणं कमी झाल्यामुळे. तेव्हा तपकिरी चरबी वाढवतो म्हणून कुणी पावडर विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता आपल्या माणसांचं. नेदरलँड्समध्येच लायडनला 2014 साली दक्षिण आशियाई वंशाच्या आणि गोऱ्या सडपातळ तरुणांची तुलना झाली. आपल्या वंशाच्या मुलांत तपकिरी चरबी सुमारे एक तृतीयांशानं कमी भरली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक तर कितीतरी वर्षं सांगत आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबीचा असतो. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांमध्ये 21.2 टक्के!

आईच्या पोटात उपासमार आणि पुढे सुबत्ता, यातून मधुमेहाचा धोका वाढतो, हे याज्ञिकांचं म्हणणं आपल्या भागात नीट ऐकायला हवं. 1972 च्या दुष्काळात जन्मलेली मराठवाड्यातली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं, असा माणूस "मला कुठं लठ्ठपणा?" म्हणतो. त्याच्या कमरेला टेप लावा. पुरुषाची 90 सेंटिमीटर, बाईची 80 सेंटिमीटर, याच्या वर कंबर गेली की रक्तातली साखर तपासून घ्यायची.

राहिली वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया. "त्यात चरबी कापून काढतात का हो?" असं लोक विचारतात. चरबीला कुणी हात लावत नाही. जठर लहान करतात, काही प्रकारांत आतड्याची वाटही बदलतात. ती हौसेनं करून घ्यायची गोष्ट नाही. करायचीच झाली, तर पुढे जन्मभर बी-12, लोह आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या व ठरलेल्या तपासण्या सांभाळाव्या लागतील, हे घरच्यांना सोबत बसवून डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.