परसबागेत स्ट्रॉबेरीची रोपे



महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले. तिची रोपे मात्र शेतकरी बियांपासून करीत नाहीत, कारण बियांपासून आईच्या गुणाचे रोप निपजेलच असे नाही. पावसाळ्यात बुंध्यापासून जमिनीलगत बारीक धावती खोडे निघतात व त्यांच्या बहुधा एकाआड एक पेरापाशी पिल्लू धरते. ते मातीच्या कुंडीत टेकवून तारेच्या आकड्याने हलकेच दाबावे. मुळे पुरती धरेपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, आईपासून तोडू नये. पुढे लावताना गाभा पुरला गेल्यास कुजतो, फार वर राहिल्यास मुळे सुकतात. पुष्कळ रोपे येथेच दगावतात.

आईची निवड सर्वांत महत्त्वाची. विषाणुरोगाने पाने आखडली असतील, तर तो रोग पिल्लांतही उतरतो. असे रोप फळांनी लगडले असले तरी उपटावे. मुलांच्या ते जिवावर येईल. तरीही कारण सांगून त्यांच्याच हातून उपटवावे.