मज्जातंतूंच्या इजा आणि गावाचे कर्तव्य

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका अस्थिशल्यचिकित्सकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आपल्या बोलीत ‘शीर’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. विळ्याने हात कापला आणि रक्ताची धार लागली तर ‘शीर तुटली’ असे आपण म्हणतो. मान अवघडली तर ‘शीर आखडली’, आणि कमरेपासून पायात कळ गेली तर ‘शीर दबली’. यांतली पहिली शीर म्हणजे रक्तवाहिनी, दुसरी म्हणजे स्नायू किंवा त्याची कंडरा आणि तिसरी म्हणजे मज्जातंतू. एका शब्दात तीन वस्तू मावल्याने बोलण्याचे काही अडत नाही. जखमेच्या बाबतीत मात्र अडते. रक्त वाहताना सर्वांना दिसते, म्हणून ते थांबवण्याची धावपळ होते. ते थांबले, टाके पडले, जखम कोरडी झाली की सर्वांचे समाधान होते. आत मज्जातंतू तुटला असेल तर त्याची खूण जखमेच्या जागी नसते. ती तिथून वीतभर दूर, बोटाच्या टोकाशी असते. तेथे पाहण्याची सवय आपल्याला नाही. ती लागावी, एवढ्याच हेतूने आज मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात आणि त्यांना हलविणारे सहाशेहून अधिक स्नायू. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यापाशी एक स्नायू वाकविणारा, तर दुसरा सरळ करणारा अशी योजना असते. मज्जातंतूकडून आज्ञा आली नाही तर उत्तम स्नायू आणि अभंग हाड दोन्ही निरुपयोगी ठरतात. या आज्ञा मेंदूतून मज्जारज्जूत उतरतात आणि तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 31 जोड्यांमार्फत सर्व अंगभर पोहोचतात. त्याच वाटेने स्पर्श, उष्णता आणि वेदना यांच्या वार्ता उलट दिशेने येतात.

मज्जातंतू बहुतेक ठिकाणी मांसात सुरक्षित असतात. पण काही जागी ते हाडाला अगदी चिकटून जातात, आणि इजा होते ती नेमकी तेथे. कोपराच्या आतल्या अंगाला काही आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांना आहे. तो धक्का हाडाला बसलेला नसून हाडामागच्या खोबणीतून जाणाऱ्या मज्जातंतूला बसलेला असतो. दुसरा मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जातो. दंडाचे हाड मोडले तर तो दुखावतो आणि मनगट लोंबू लागते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारूच्या नशेत रात्रभर पडून राहणाऱ्याचेही सकाळी हेच होते. तिसरी जागा गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूला. तेथे पायाचा मज्जातंतू एका बारीक हाडाच्या मानेवरून, कातडीच्या लगेच खालून जातो. घट्ट प्लास्टर त्यावर दाबून बसले, किंवा भातलावणीसारख्या कामात कोणी तासन्‌तास उकिडवे बसून राहिले, तरी पाऊल वर उचलेनासे होऊ शकते.

आता परीक्षेकडे वळतो. तिला यंत्र लागत नाही. शिक्षकाला ती वर्गात करता येते आणि सरपंचाला बांधावर. कोयत्याने, काचेने किंवा कडबाकुट्टीच्या पात्याने हाताला जखम झाली, की रक्तस्राव दाबून थांबवल्यावर जखमीला तीन गोष्टी करायला सांगाव्यात. मनगट आणि अंगठा वर उचल. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लाव. बोटे पंज्यासारखी फाक, आणि दोन बोटांमध्ये धरलेला कागद मी ओढला तरी सोडू नकोस. या तीन कृती हाताच्या तीन मुख्य मज्जातंतूंच्या आहेत. मग त्याला डोळे मिटायला सांगून तर्जनीचे टोक, करंगळीचे टोक आणि अंगठ्याच्या मुळाशी पंज्याची मागची बाजू येथे हलका स्पर्श करावा, आणि दुसऱ्या हातासारखेच लागते का ते विचारावे. पायाची परीक्षा याहून सोपी: पाऊल आणि अंगठा वर उचलता येतो का आणि खाली दाबता येतो का, एवढेच पाहावे. एखादी कृती जमली नाही तर ती वेदनेमुळे जमली नाही की मज्जातंतूमुळे, हा निवाडा आपण करू नये. ‘करंगळी बधिर, बोटे फाकत नाहीत, वेळ सकाळी 10’ एवढे चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत पाठवावे. जखम बधिर करण्यापूर्वी लिहिलेली अशी एक ओळ शल्यचिकित्सकाला फार मोलाची असते, कारण नंतर ती माहिती मिळवता येत नाही.

ही घाई कशासाठी? तुटलेल्या मज्जातंतूचा तुटीच्या पुढचा भाग मरतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 साली दाखवून दिले. त्यानंतर वरच्या टोकातून नवे तंतू फुटतात आणि त्या रिकाम्या नळ्यांतून पुढे सरकतात. पण त्यांची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. कोपरापाशी तुटलेल्या मज्जातंतूला पंज्यातील बारीक स्नायूंपर्यंत सुमारे तीनशे मिलिमीटर अंतर कापावे लागते; म्हणजे दहा महिने झाले. इकडे आज्ञेविना पडून राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षच वाट पाहतो; पुढे तो आज्ञा स्वीकारण्यास कायमचा असमर्थ होतो. ‘हळूहळू ताकद येईल’ म्हणत तेल चोळण्यात सात-आठ महिने घालविल्यावर उरतो किती काळ, हा हिशेब पाचवीतला विद्यार्थीही करू शकेल. प्रत्येक इजेत मज्जातंतू तुटतोच असे नाही. हर्बर्ट सेडन यांनी 1943 साली इजांचे तीन प्रकार केले: केवळ आज्ञा तात्पुरती थांबलेली, आतले तंतू तुटूनही वेष्टण शाबूत राहिलेले आणि संपूर्ण तुटलेले. पहिले दोन बऱ्याच वेळा आपोआप सुधारतात. दंडाच्या अस्थिभंगातील लोंबणारी मनगटे बहुतांशी अशीच परत येतात. तिसरा शस्त्रक्रियेवाचून सुधारत नाही. कोणता प्रकार आहे हे तज्ज्ञाने ठरवायचे असते, आणि त्यासाठी रुग्ण त्याच्यापर्यंत पहिल्या काही दिवसांत पोहोचला पाहिजे.

मुलांच्या बाबतीत दोन इशारे देतो. झाडावरून किंवा ओट्यावरून पडून कोपराजवळ हाड मोडले की पुष्कळ ठिकाणी बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधण्याची रीत आहे. हाड बसविणाऱ्या सर्वच जाणत्यांना मी नावे ठेवणार नाही. कित्येकांचा हात हलका असतो. परंतु मोडलेला हात सुजणारच, आणि आवळलेली पट्टी सुजेला जागा देत नाही. रक्तपुरवठा तुटून सहा तासांच्या आसपास स्नायू आणि मज्जातंतू मरू लागतात. पुढे बोटे आत वळून हात आकडीसारखा होतो. रिखार्ड फोल्कमान यांनी 1881 साली वर्णिलेली ही विकृती अजूनही आमच्यापुढे येते. मूल थांबता थांबत नाही असे रडते, आणि त्याचे बोट हलकेच सरळ केले तरी किंचाळते. अशा वेळी पट्टी असो वा प्लास्टर, रुग्णालयातले असो वा गावातले, ते त्याच क्षणी उभे कापून सैल करावे आणि मुलाला रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये. दुसरा इशारा इंजेक्शनाचा. कृश मुलाच्या कुल्ल्यात चुकीच्या जागी सुई गेली तर शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू दुखावतो आणि पाऊल लुळे पडते. म्हणूनच तान्ह्या मुलांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात. साध्या तापाला ‘सुई द्याच’ असा डॉक्टरकडे हट्ट धरणाऱ्या पालकांना हे शिक्षकांनी सांगावे. आणि पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला, तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. भारत 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्त घोषित झाला असला तरी ही टेहळणी चालूच आहे.

जखम नसताना हात बधिर होत असेल तर कुष्ठरोगाचा विचार मनात आला पाहिजे. हा रोग मुख्यतः कातडीचा आणि मज्जातंतूंचा आहे. कोपरामागची ती दोरी त्यात जाड होते, करंगळी आणि अनामिका वाकतात, चुलीवरचे भांडे उचलताना चटका बसला तरी कळत नाही. बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. बळ किंवा संवेदना गमावून सहा महिने उलटले नसतील तर योग्य औषधांनी ती बऱ्याच अंशी परत मिळू शकते. वाकलेल्या बोटांवर कंडरा फिरवून बसविण्याची शस्त्रक्रिया पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे 1940 नंतरच्या दशकात विकसित केली, आणि ती आजही होते. वर्ध्याला 1951 पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान काम करीत असताना आपल्याच जिल्ह्यांत माणसे हा डाग लपवून ठेवतात, याचे मला वाईट वाटते.

आता पाठीचा कणा. मानेचे 7, पाठीचे 12 आणि कमरेचे 5 मणके, खाली एकसंध झालेले त्रिकास्थी आणि माकडहाड. या मणक्यांच्या नळीत मज्जारज्जू असतो. जाडीला करंगळीएवढा, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपणारा. हाताच्या मज्जातंतूसारखा तो पुन्हा वाढत नाही. कोकणात नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, देशावर विहिरीच्या काठावरून, सर्वत्र मोटारसायकलवरून, आणि उन्हाळ्यात उथळ पाण्यात सूर मारून माणसे हा कणा मोडून घेतात. मणका मोडला तरी मज्जारज्जू सुदैवाने वाचलेला असू शकतो. मग चार भली माणसे धावतात, त्याला काखेत धरून उठवून बसवितात, पाणी पाजतात, आणि टेम्पोच्या मागच्या भागात गुडघे पोटाशी दुमडून घालतात. अपघाताने जे केले नाही ते कधीकधी या मदतीने होते. हे मला कठोरपणे सांगावे लागते, कारण मदत करणाऱ्यांच्या हेतूत काहीच खोट नसते.

म्हणून पडलेल्या माणसाला प्रथम आहे तसाच पडू द्यावा. पाय हलतात का, स्पर्श कळतो का, मान किंवा पाठ दुखते का, हे विचारावे. शुद्धीवर नसेल तर कणा मोडला आहे असेच धरून चालावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून उपलब्ध आहे. तिला बोलावताना ‘मणक्याची इजा’ हे शब्द उच्चारावेत. हलविणे अटळच असेल तर एकाने डोके दोन्ही हातांनी धडाच्या रेषेत धरून ठेवावे, तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरावेत, आणि डोके धरणाऱ्याच्या आज्ञेवर सर्वांनी मिळून लाकडाचा ओंडका वळवावा तसे एकाच वेळी त्याला कुशीवर करून खाली फळी सरकवावी. घराचे एक दार बिजागरीतून काढले तरी चालते. उलटी होत असेल तरी अशीच कूस वळवावी. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या किंवा गुंडाळलेली घोंगडी लावावी. त्याचा फक्त पोटाने श्वास चालला असेल, छाती हलत नसेल, तर इजा मानेत आहे हे ओळखून श्वासावर सतत लक्ष ठेवावे. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने पुष्कळजण रस्त्यावरच्या जखमीपासून दूर राहतात. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने, कलम 134-अ अन्वये, सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याजोगी आहे.

अपघाताविना होणारी पाठदुखी बहुधा निरुपद्रवी असते, आणि तिला अंथरुणापेक्षा हालचाल अधिक मानवते. पण लघवी तुंबली, बैठकीचा भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतले बळ कमी होऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे पाहून घ्यावे.

ज्यांचे पाय गेले त्यांचे पुढे काय? सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पोथीने अशा इजेला असाध्य ठरवून सोडून दिले होते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगात जवळपास तीच स्थिती होती. बहुतेक रुग्ण दगावत ते मणक्याने नव्हे, तर शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलविण्याचा कडक नियम लावला, मूत्राशयाची निगा शिकविली आणि खेळ सुरू केले. 29 जुलै 1948 रोजी तेथे 16 रुग्ण तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. आजची पॅरालिंपिक स्पर्धा त्यातूनच वाढली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी होऊन कमरेखाली पंगू झाले, आणि 1972 साली हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याजवळ खडकी येथे 1974 पासून अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. नागरिकांसाठी मुंबईत हाजी अली येथील केंद्रीय संस्था 1955 पासून उपचार, साधने आणि प्रशिक्षण देते.

परंतु तेथून शिकून, चाकाची खुर्ची घेऊन माणूस गावी परततो आणि ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्यांशी अडतो. शाळेच्या शौचालयाचे दार खुर्चीहून अरुंद असते. नव्या बांधकामाचे अंदाजपत्रक मंजूर करताना दोन आकडे आपण जरूर तपासावेत. दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी. उताराचे प्रमाण एकास बारा हवे. म्हणजे जोते दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब. कंत्राटदार जागा नाही म्हणून आठ फुटांत तो बसवू पाहतो. त्या उतारावरून खुर्ची चढत नाही, आणि उतरताना ती माणसासह उलटते.