शिकायला जा, शिकवायलाही बोलवा



विशेषज्ञतेचे शिक्षण घेणारे आपले निवासी डॉक्टर काही आठवडे परदेशी रुग्णालयात जाऊन येतात, त्याला आपण 'विनिमय' म्हणतो. अमेरिकेत गेलेला आपला डॉक्टर बहुधा निरीक्षक असतो. तेथील परवान्यावाचून रुग्णाला हात लावता येत नाही. हात मागे बांधून पाहावयाचे. तेही मोलाचेच, परंतु त्याला विनिमय म्हणणे हा शब्दांचा उदारपणा झाला.

तिकडच्यांनी इकडे येऊन काय शिकावे, असे विचारणाऱ्यांनी लोणावळ्याकडेच पाहावे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले. १९५७ च्या सुमारास वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक यंत्रे घेऊन भारतात आले, तेव्हा लोणावळाही त्यांच्या मार्गावर होते. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्यांची नाडी लागेनाशी होते, पण आलेखात हृदय चालूच असते, असे त्यांनी १९६१ मध्ये लिहिले. यात खट्टू होण्याजोगे काही नाही; तपासणीला सामोरे जाणे हीच कुवलयानंदांची रीत होती.

घाट उतरून महाडला जा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचविले. 'लॅन्सेट'ने १९८६ मध्ये ते छापले.

आता मावळ. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्याला सर्पदंशाची भीती असतेच. ब्रिटनमध्ये रानातला विषारी साप एकाच जातीचा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्यासाठी थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि मग नळी कलती करून पाहावयाचे. एवढीच चाचणी! लंडनच्या निवासी डॉक्टरला ती ग्रामीण रुग्णालयातील खाटेपाशी शिकता येईल.

आपल्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नियमानुसार तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काढावे लागतात. काहींना ती शिक्षा वाटते. परदेशवारीसाठी मात्र तेच रांगेत पुढे! आणि एक जण गेला की त्याची रात्रपाळी उरलेल्यांच्या माथी येते, हेही विसरता कामा नये.

म्हणून करार करणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपला एक जाईल, तेव्हा तिकडचा एक येथे यावा आणि त्याचे निम्मे दिवस तरी अंदर मावळासारख्या भागात जावेत. परवानगीवाचून परदेशी डॉक्टरला आपल्याकडेही उपचार करता येत नाहीत. तेव्हा पाहुणाही हात मागे बांधूनच उभा राहील. शेजारी उभे राहून त्याला समजावून सांगण्याचे काम आपल्या निवासी डॉक्टरचे असेल.