जगणे लिहिणारी माणसे

(घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड येथे शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी ललित गद्याच्या लेखकांविषयी मी बोलावे, अशी आपली इच्छा आहे. आत्मकथन, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, अनुभवलेख ही या गद्याची निरनिराळी रूपे होत. यात घडलेले तेच सांगायचे असते, पण ते अशा रीतीने सांगायचे असते, की वाचणाऱ्याला ते आपल्यासमोर घडते आहे असे वाटावे. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा असते. या लेखकाला ती नसते. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे स्वतःचे जगणे आणि पाहणे.

लेखक म्हणजे पुण्यामुंबईचा, पुस्तकांच्या कपाटापुढे बसणारा, बहुधा प्राध्यापक असलेला गृहस्थ, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. मराठीतील या गद्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ही माणसे कोठून आली, कोणत्या व्यवसायातून आली आणि त्यांना लिहिते कशाने केले, याचा आज आपण थोडा विचार करू. अखेरीस हा विचार आपल्याच गावाच्या वेशीपाशी येऊन थांबणार आहे.

आपल्या तालुक्याच्या गावाला, अंबाजोगाईला, मुकुंदराज आणि दासोपंत यांचा वारसा आहे. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी सुमारे ४० फूट लांब आहे. ज्याला लिहावयाचे असते तो कागदासाठी अडून राहत नाही, हा धडा आपल्याला घरबसल्या मिळालेला आहे. पण हा वारसा मुख्यतः काव्याचा. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ 'लीळाचरित्र' हा तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाला. तो कसा तयार झाला, हे आजच्या शिक्षकानेही ध्यानी घ्यावे असे आहे. श्रीचक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे म्हाइंभट स्वतः गेले, त्यांना आठवणी विचारल्या, त्या पडताळून पाहिल्या आणि लोकांच्या बोलण्यातल्या मराठीत उतरवून घेतल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपण सर्वांनी आनंद मानला. त्या अभिजाततेच्या मुळाशी अशी दारोदार जाऊन केलेली विचारपूस आहे, याचे विस्मरण होऊ नये.

आता जवळच्या काळाकडे येऊ. विष्णुभट गोडसे हे कोकणातल्या वरसई गावचे गरीब भिक्षुक. घरच्या कर्जाच्या विवंचनेने ते दक्षिणेच्या आशेवर उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांची हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. ते ना इतिहासकार होते, ना सेनानी. तरीही त्या वर्षाविषयी एका साध्या माणसाला काय वाटले, हे जाणून घ्यावयाचे तर आजही त्यांच्याच पुस्तकाकडे वळावे लागते.

लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. सोवळ्याओवळ्याच्या घरातून निघून त्या ख्रिस्ती समाजात आल्या. या दीर्घ प्रवासाची हकीकत 'स्मृतिचित्रे' या नावाने १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. घरात, माजघरात बोलली जाणारी मराठी त्यांनी जशीच्या तशी कागदावर आणली. स्वतःवर हसण्याची त्यांची ताकद मोठमोठ्या पंडितांना साधली नाही.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे या गद्याकडे वळली. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या संशोधक. जातीजमातींच्या अभ्यासासाठी खेड्यापाड्यांतून हिंडताना त्यांना जे दिसले, त्यातून त्यांचे ललित निबंध जन्मले. 'माणदेशी माणसं' लिहिणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांचे औपचारिक शिक्षण अपुरेच राहिले होते. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नोकरीच्या निमित्ताने अरण्यात काढलेली वर्षे त्यांनी टिपून ठेवली, आदिवासींकडून पाखरांची आणि झाडांची नावे शिकून घेतली आणि ती मराठीला दिली. २००६ साली सोलापूरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अनिल अवचट शिक्षणाने डॉक्टर. हमाल आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका यांच्याजवळ बसून, त्यांना प्रश्न विचारून त्यांनी लेख लिहिले. येथे उपस्थित असलेल्या अधिकारी बंधूंना मी एवढेच सुचवीन, की सरकारी दौरा हादेखील एक अनुभव असतो. दौऱ्याचा अहवाल फाइलीत जातो. पण पाहिलेले माणूस, सेवानियमांची मर्यादा सांभाळून, वहीत उतरविण्यास काहीच हरकत नाही.

मित्रहो, या गद्याला खरी कलाटणी मिळाली ती १९७८ नंतरच्या दहाबारा वर्षांत. रेल्वेत नोकरी करणाऱ्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. 'आठवणींचे पक्षी' हे प्र. ई. सोनकांबळे यांचे पुस्तक १९७९ चे. ते आपल्या शेजारचे, उदगीर भागातले. पोरकेपणात वाढले आणि पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' प्रसिद्ध झाले. बुरूड कामावर जगणाऱ्या, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाची ही कहाणी. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये हाच सन्मान मिळाला. ज्या समाजांवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्यांना १९५२ मध्ये त्यातून मुक्ती मिळाली, अशांपैकी एका समाजात ते जन्मले. ते शाळेत जाऊ लागले आणि वस्तीत रोगराई आली, तेव्हा मुलगा शाळेत गेल्यामुळेच हे झाले, असे लोक म्हणू लागले. त्या मुलाची शाळा त्या दिवशी सुटली असती, तर मराठी साहित्य एका मोठ्या पुस्तकाला मुकले असते.

स्त्रियांची वाट याहूनही अवघड. फलटणच्या बेबी कांबळे लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे त्या वाचीत आणि घरच्यांच्या नकळत लिहीत. ते लिखाण त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ मध्ये. शांताबाई कांबळे या शिक्षिका होत्या, पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. सभागृहातील निवृत्त शिक्षकांनी हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे.

भिक्षुक, गृहिणी, संशोधक, वनाधिकारी, डॉक्टर, रेल्वेतील नोकर, दुकानदारीण, शिक्षिका. यांपैकी बहुतेकांचे पोट लेखणीवर नव्हते. जगाने ज्याला लेखनाची अपात्रता मानले, तीच त्यांची पुंजी ठरली. कारण जे त्यांनी पाहिले ते दुसरा कोणी पाहिलेला नव्हता, आणि त्यासाठी लागणारे शब्द फक्त त्यांच्यापाशी होते. मात्र एवढे म्हणून थांबणे अर्धसत्य होईल. स्वातंत्र्योत्तर काळात खालच्या थरांतून आलेल्या या लेखकांचे आयुष्य पाहावे, तर कोठे ना कोठे एक दार उघडलेले दिसते. ते दार शाळेचे असते, वसतिगृहाचे असते किंवा वाचनालयाचे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले नसते, तर मराठवाड्यातील किती लेखण्या उचलल्याच गेल्या नसत्या, याची कल्पना करावी. अनुभव परिस्थिती देते. लिहिण्याची संधी समाजाला द्यावी लागते. माझ्या आजच्या बोलण्याचे सार हेच आहे.

हे सांगण्याचा अधिकार मला आहे काय, असा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो. सुमारे ३५ वर्षांपूर्वी मी एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवीत होतो. 'माझी दिवाळी' या विषयावर मुलांना निबंध दिला. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या एका मुलीने दोन पाने लिहिली. दिवाळीच्या रात्री गाडी भरण्याची हाक आली, म्हणून आई-बाप उठून फडात गेले. धाकट्या भावाला घेऊन ती कोपीत बसली. वाढे विकून आलेल्या पैशांतून दुसऱ्या दिवशी गोडेतेल आणले आणि मग पणती लागली, असे तिने लिहिले होते. मी 'कोपी', 'वाढे', 'मोळी' हे शब्द लाल शाईने खोडले, 'विषय सोडून लिहिले आहे' असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले. आकाशकंदील आणि फराळ यांचे पाठ केलेले वर्णन करणाऱ्या मुलाला आठ दिले. त्याच वर्षी मी 'उचल्या' वाचून भारावून गेलो होतो आणि त्यावर मित्रांशी तासन् तास बोलत होतो! पुस्तकातला अनुभव मला ओळखता आला. वहीतला आला नाही. पुढच्या हंगामात ती मुलगी गेली ती शाळेत परतली नाही. तिची वही रद्दीत गेली असेल. ती लेखिका झालीच असती, असे मी म्हणत नाही. परंतु आपण लिहितो ते लिहिण्याजोगे नसते, हे तिला मी शिकविले, आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

शुद्धलेखन शिकवू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ऱ्हस्वदीर्घ शिकवावेच. पण कामाचा शब्द ही चूक नव्हे. 'कोपी'ला 'झोपडी' म्हटले, की ऊसतोडीचा सगळा हंगामच त्या वाक्यातून नाहीसा होतो.

दुसरी एक जबाबदारी सांगितली पाहिजे. खरे लिहिणे म्हणजे वाटेल ते लिहिणे नव्हे. आपल्या कथेत आपली आई असते, शेजारी असतो, सावकार असतो, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी पुस्तक लिहिता येत नाही. 'बलुतं'सारखी पुस्तके आली, तेव्हा आपल्या समाजाचे दैन्य आणि घरातले दुःख चव्हाट्यावर का मांडावे, असा प्रश्न त्यांच्या समाजातील शिकलेल्या काही माणसांनीच विचारला. तो अगदीच गैरलागू नव्हता. त्यावर या लेखकांचे उत्तर त्यांच्या लेखनातच आहे. त्यांनी दुसऱ्यांआधी स्वतःला उघडे केले. आपली भीती, आपली लाज, आपला दुबळेपणा झाकला नाही. ज्याची स्वतःकडे पाहण्याची तयारी नाही, त्याने दुसऱ्यांच्या घरात डोकावू नये, हा या गद्याचा पहिला नियम मानावा.

आता घाटनांदूरकडे येतो. आपले गाव बालाघाटच्या डोंगररांगेत, रेल्वेच्या मार्गावर. येथे शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, हमाल आहेत, आणि परिसरातील अनेक घरांना दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूप लागते ते उन्हाळ्यापर्यंत निघत नाही. मुकादमाची उचल, नवराबायकोचा मिळून धरलेला एक कोयता, फडावरचे बाळंतपण हे सारे आपल्याला ऐकून ठाऊक आहे. त्या बायकांनी स्वतः लिहिलेले किती आहे? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला. कायदा कागदावर आहे. ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांची हकीकत मात्र अजून त्यांच्या ओठांवरच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीची निजामी राजवट आठवणारी माणसे तर आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. प्रत्येक पावसाळ्यागणिक अशी एकेक वही न लिहिताच मिटते आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. त्यांना मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पहिली शिक्षकांसाठी : महिन्यातून एकदा मुलांना घरच्या कामाविषयी, घरच्या शब्दांत लिहू द्यावे आणि त्या पानावर लाल शाई वापरू नये. हंगामी वसतिगृहातील मुलांकडून हे अगत्याने करून घ्यावे. दुसरी पंचायतीसाठी : १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात वाचनालयांना आधार दिला आहे, गावच्या वाचनालयात आठवणींची एक नोंदवही ठेवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे शिकलेल्या मुलामुलींनी, सांगणाऱ्याची संमती घेऊन, त्यांच्याच भाषेत उतरवून घ्यावे. म्हाइंभटांनी याहून वेगळे काय केले? तिसरी सर्वांसाठी : आपण स्वतः लिहावे. पुस्तक व्हावे म्हणून नव्हे; आपल्यानंतरच्यांना आपण कळावे म्हणून.

यातून मोठे लेखक निघतील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण उद्या या भागातील एखादी मुलगी फडावरची दिवाळी लिहून आणील, तेव्हा ती वाचणारा शिक्षक माझ्याहून शहाणा असावा, एवढी अपेक्षा मी आपणांपुढे ठेवतो.