गुडघ्यातले वंगण आणि वृद्धिघटक



सभागृहाचा जिना चढताना निम्मी मंडळी कठडा धरून वर आली, हे आम्ही पाहिले. आम्हीही त्यांतलेच. गुडघा दुखू लागला की आपण म्हणतो, ‘वंगण संपले.’ ही उपमा फसवी आहे. गाडीच्या आसाला वंगण घातले की काम भागते. गुडघा मात्र जिवंत आहे. झीज झाली की तो स्वतःच दुरुस्तीला लागतो, आणि पुष्कळसा घोटाळा त्या दुरुस्तीतच होतो.

ही दुरुस्ती वृद्धिघटकांच्या हुकमाने चालते. वृद्धिघटक म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेले प्रथिनरूप निरोप. त्यांतला टीजीएफ-बीटा घ्या. निरोगी कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत गादीला, तो सांभाळतो. झिजलेल्या सांध्यात तोच उतू गेला की कडांना हाडाचे काटे फुटतात. एक्स-रे पाहून डॉक्टर ‘हाड वाढले आहे’ म्हणतात, ते हेच.

याहून विलक्षण कथा मज्जातंतू वाढवणाऱ्या घटकाची. इटलीत 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू विदुषीला विद्यापीठाचे दार बंद झाले. बाईंनी तुरिनच्या घरी, निजावयाच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम चालू ठेवले. पुढे अमेरिकेत हा घटक हाती लागला, आणि 1986 चे नोबेल पारितोषिक त्यांना व स्टॅन्ली कोहेन यांना मिळाले. दुखऱ्या सांध्यात हा घटक वाढलेला आढळतो. मग त्यालाच अडवले तर? टॅनेझुमॅब नावाच्या औषधाने तसे केले आणि दुखणे खरोखरच उतरले. पण काही रोग्यांचे सांधे झपाट्याने ढासळले. 2010 मध्ये अमेरिकेत चाचण्या थांबवाव्या लागल्या. नंतर त्या पुन्हा सुरू झाल्या. अखेर 2021 मध्ये तज्ज्ञ-समितीने 19 विरुद्ध 1 असा प्रतिकूल कौल दिला आणि औषध सोडून देण्यात आले.

उलट बाजूचाही प्रयोग झाला. स्प्रिफर्मिन हा कूर्चा वाढवणारा घटक 549 रोग्यांच्या चाचणीत गुडघ्यात टोचला गेला. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठी मात्रा घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांनी, नुसते खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा, सुमारे 0.05 मिलिमीटरने जाड भरली. दुखण्यात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता! कूर्चेचा हिशेब आणि वेदनेचा हिशेब एकाच वहीत नसतो, हे आम्हांला येथे प्रथम नीट उमगले.

हे सांगण्याचे कारण घरचे आहे. ‘तुमच्याच रक्ताने गुडघा नवा’ अशी पाटी वाचून आमच्या थोरल्या बहिणीने अशी तीन इंजेक्शने घेतली. रक्तातील प्लेटलेट वृद्धिघटकांनी भरलेल्या असतात, हे खरेच. पण कोणता घटक किती, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियात 288 जणांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा महिन्यांनी, हे इंजेक्शन साध्या मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. ताईला हे कोणी आधी सांगितले नव्हते. आम्हीही नाही, त्याची टोचणी आहे.

ताई आता रोज सकाळी खुर्चीवर बसून, पाय सरळ ताणून, मांडीचे स्नायू बळकट करते. जिना अजून कठडा धरूनच चढते. आज ती मागच्या रांगेत बसली आहे.