खिशांतला चाकू

चाकू विकत घेतांना आपण काय पाहतों? मूठ पितळेची कीं शिंगाची, पातें किती चकचकीत, आणि किंमत किती. फार झालें तर धारेवर अंगठा फिरवून ‘ठीक आहे’ म्हणतों आणि पैसे मोजतों. बुलढाणा जिल्ह्यांतील आठवड्याच्या बाजारांत मीं असेच कित्येक चाकू घेतले. त्यांतल्या एकानें मला जो धडा दिला, तोच आज श्रोत्यांपुढें ठेवणार आहें.

सुंदर हस्ताक्षराबद्दल मीं वर्गांतील एका मुलाला मिटणारा चाकू बक्षीस दिला होता. बोरू तासावयास उपयोगी पडेल ही कल्पना. चाकू मोठा देखणा. पात्यांत तोंड पाहून घ्यावें! चार-पांच दिवसांनीं बोरूच्या पेरांत पातें अडकलें. तें सोडविण्यासाठीं मुलानें मूठ हिसकली, तों पातें मिटून त्याच्या उजव्या तर्जनीवर बसलें. जखम भरून आली, पण त्या बोटाचें शेवटचें पेर पुन्हा वांकलें नाहीं. आणि बक्षीस होतें हस्ताक्षराचें.

तो चाकू मी घरीं घेऊन आलों व तेव्हां प्रथम नीट पाहिला. मिटणाऱ्या चाकूच्या पाठीशीं एक पोलादी पट्टी असते. तिला कमान म्हणूं. तिच्या ताणावरच पातें उघडें राहतें. या चाकूची कमान अशी मऊ होती कीं एकदां दबली कीं दबलेलीच राही. हें मला विकत घेण्यापूर्वीं, नुसत्या दोन बोटांनीं उघडमीट करून, कळावयास हवें होतें.

उन्हाळ्यांत आमच्या गांवाबाहेर गाडीलोहारांचें बिऱ्हाड उतरत असे. नवरा सांडशींत तापलें लोखंड धरी आणि बायको घण घाली. तिच्या घणाचा ताल कधीं चुकलेला मीं पाहिला नाहीं. त्या लोहारापुढें मीं चाकू ठेवला. त्यानें पात्याच्या बुडाशीं बारीक कानस एकदांच ओढली आणि म्हणाला, “मास्तर, हा चाकू नव्हे, पत्रा आहे.”

लोखंड आणि पोलाद यांतील भेद मुख्यतः कर्बाच्या अंशाचा. साध्या मऊ लोखंडांत तो शेंकडा पाव भाग किंवा त्याहूनही कमी असतो. असें लोखंड कितीही तापवून पाण्यांत बुडविलें तरी धार धरण्याइतकें कठीण होत नाहीं. मोटारीच्या कमानीच्या पाट्यांत तो अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक, तर चांगल्या कानशींत एक टक्क्याच्या वर असतो. लोहार मोडक्या कानशी व जुने पाटे जपून ठेवतो तें याचसाठीं.

परंतु धातु उत्तम म्हणजे चाकू उत्तम, असें मात्र नाहीं. आमच्या लोणारचें विवर उल्कापातानें झालें हें सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळें, आकाशांतून पडलेल्या लोखंडाचा चाकू केवढा बळकट होईल, असें मुलें मला विचारीत. मी त्यांना जहांगीर बादशहाची हकीकत सांगें. इ. स. १६२१ मध्यें जालंदरजवळ उल्का पडली. तिच्या लोखंडाचीं शस्त्रें करण्याची बादशहानें आज्ञा केली, पण तें घणाखालीं टिकेना, फुटूं लागलें. शेवटीं तीन भाग तें व एक भाग साधें लोखंड मिसळल्यावर दोन तलवारी, एक कट्यार व एक चाकू तयार झाला.

खरी परीक्षा पाणी देण्यांत आहे. पोलाद सुमारें ८०० अंशांपर्यंत लाल तापवून पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें कीं तें कांचेसारखें कठीण होतें, आणि कांचेसारखेंच ठिसूळ. म्हणून तें घासून उजळ करून पुन्हा मंद तापवितात. २३० अंशांच्या सुमारास त्यावर गवताच्या काडीचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. पातें पिवळ्या-तपकिरीवर थांबवावें. कमान निळ्यापर्यंत जाऊं द्यावी, कारण तिला धार नको, लवचीकपणा हवा. एकाच चाकूंत अशीं दोन निरनिराळीं पाणीं! मिटणारा चाकू करणें विळा करण्यापेक्षां अवघड आहे तें यामुळें. यंत्राच्या चाकावर कोरडी धार काढतांना पातें निळें पडलें तर त्या जागेचें पाणी उतरलें असें समजावें. पुढें घोटून चकाकी आणली कीं तो डाग दिसेनासा होतो, म्हणून चकाकीवर माझा विश्वास उरलेला नाहीं.

घरीं करण्यासारखी उत्तम परीक्षा पितळी पळीच्या दांड्यावर होते. धार दांड्यावर किंचित् तिरपी टेकवून हलकेंच दाबावी व उजेडाकडे धरून पाहावें. धार लवून पूर्ववत् झाली तर पाणी बरोबर. वांकून तशीच राहिली तर पातें मऊ. टवका उडाला तर फाजील कठीण. दुकानदार नाक मुरडील, मुरडूं द्यावें.

न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ मध्यें तयार केलें. त्यांत क्रोमियम शेंकडा बारा-तेरा भाग असतें. लिंबू कापून ठेवलें असतां साधें पातें काळवंडतें, हें काळवंडत नाहीं. पण यावरून जात कळते, गुण नव्हे. लोहचुंबक चिकटला नाहीं म्हणजे पातें अस्सल, असेंही कित्येक सांगतात. तें खोटें आहे; पाणी दिलेल्या न गंजणाऱ्या पात्यालाही चुंबक चिकटतो.

आणि कमान? चाकू अर्धा उघडून पातें डावी-उजवीकडे हलवावें. खिळ्याशीं डुगडुगलें तर परत द्यावा. पुरा उघडतांना व मिटतांना स्पष्ट खटका बसला पाहिजे. मिटल्यावर टोंक मुठीच्या आंत बुडालें पाहिजे, नाहींतर सदऱ्याचा खिसा आणि मांडी दोन्ही फाटतील.

त्या लोहारानें मला जुन्या कानशीचा एक चाकू करून दिला. दोन संध्याकाळ लागल्या. बाभळीची मूठ, काळपट पातें, रूप म्हणून नाहींच; आणि दाम बाजारच्या चाकूच्या तिप्पट. मीं घासाघीस केली नाहीं. तो चाकू त्याच मुलाला नेऊन दिला. वडिलांनीं आधीं घेऊं दिला नाहीं, मग स्वतः तीन-चार वेळां उघडून-मिटून पाहिला, आणि घेतला. मुलगा पुढें लेखणी अंगठा व मधलें बोट यांत धरावयास शिकला. अक्षर पूर्वीचें राहिलें नाहीं, पण वाचतां येतें.